रोडा जाफ्ता आणि शेवटची कबरी

रोडा जाफ्ताला मांजरं आवडत नाहीत. आमच्या रस्त्यावर हे कोणाला सांगितलं तर लोक हसतील, कारण ग्रासी पार्कच्या या भागात कोणाच्या परसात भाटी व्याली की पहिला फोन रोडाला जातो. पण खरंच तिला ती आवडत नाहीत. तिच्या घरात मांजर नाही. मांजराचे केस नाकाशी गेले की तिला सटासट शिंका येतात आणि डोळे लाल होतात.

"मग करतेस कशाला?" मी एकदा विचारलं होतं.

"सर, तुम्ही घरातला संडास आवडतो म्हणून धुता का?" ती म्हणाली आणि पिंजऱ्याच्या तळाशी वर्तमानपत्र अंथरत राहिली.

रोडाने जन्म शर्टांच्या कारखान्यात घालवला. ओव्हरलॉक मशीनवर बसून ती कडा शिवायची. पुढे बाहेरून स्वस्त कपडे यायला लागले, कारखाना बंद पडला आणि वाकलेल्या पाठीची रोडा घरी आली. मुलगी लग्न होऊन पोर्ट एलिझाबेथला गेलेली, नवरा त्याआधीच वारलेला. त्या हिवाळ्यात तिच्या परसातल्या लाकडी खोलीखाली एक भाटी व्याली. पिल्लांना सर्दीने घेरलं, डोळे चिकटले आणि एकेक करून ती गेली. रोडाने सगळी जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळून लिंबाच्या झाडाखाली पुरली. वसंतात त्याच खोलीखाली तीच भाटी पुन्हा व्याली. तेव्हा रोडा बस पकडून जनावरांच्या दवाखान्यात गेली आणि एक पिंजरा उसना घेऊन आली. तो तिने आजवर परत केलेला नाही. उलट त्याला भावंडं झाली.

तिची रीत ठरलेली आहे. दवाखाना भटक्या मांजरांचं नसबंदीचं ऑपरेशन मंगळवारी करतो, म्हणून पिंजरे सोमवारी संध्याकाळी लागतात. रविवारपासून रस्त्यावर कोणी मांजरांना काही घालायचं नाही, कारण भरल्या पोटाचं मांजर पिंजऱ्यात पाऊल टाकत नाही. पिंजऱ्याच्या टोकाला टोमॅटोतले डब्याचे मासे ठेवायचे. दार पडलं की लगेच वरून चादर टाकायची, म्हणजे अंधारात जनावर शांत होतं. त्या चादरी रोडाने जुन्या पडद्यांच्या शिवल्या आहेत, आणि प्रत्येकीच्या कडा अशा पक्क्या की कारखान्यातला मुकादमही बोट ठेवू शकला नसता. मंगळवारी सकाळी माझ्या जुन्या टोयोटात पिंजरे चढतात. बुधवारी जनावर होतं तिथेच सोडायचं. डाव्या कानाचं टोक तेवढं कापलेलं असतं, म्हणजे तेच मांजर पुन्हा कोणी धरू नये. बुधवारनंतर थेट रविवारपर्यंत माझ्या गाडीला मासे आणि बोक्याच्या मुताचा वास येत राहतो. माझी बायको त्या दिवसांत चर्चला शेजाऱ्यांच्या गाडीतून जाते.

त्या वर्षी रमजान उन्हाळ्याच्या शेवटी, मार्चमध्ये आला. तोवर आमच्या रस्त्यावरच्या सगळ्या मांजरांचे कान कापून झाले होते. भिंतींवर ती ऊन खात पडलेली असायची, लठ्ठ आणि निरुद्योगी. राहिली होती एकटी एक कबरी भाटी. काळ्या-भगव्या ठिपक्यांची, अंगाने बारकी. रस्त्यावरची निम्मी मांजरं तिचीच लेकरं होती. रोडाने तिच्यासाठी दोन उन्हाळे पिंजरे लावले होते. कबरी यायची, पिंजऱ्याभोवती एक फेरी मारायची आणि मग पिंजऱ्याकडे पाठ करून पंजे चाटत बसायची.

"मला हसतेय ती," रोडा म्हणायची. "सर, मी सासष्ट वर्षांची बाई. माझे गुडघे वाजतात. आणि ते एवढंसं जनावर मला हसतं."

ही गंमत गमतीपुरती राहिली असती. पण मध्ये डेन्व्हर आरेंडसे आला.

डेन्व्हर माझा जुना विद्यार्थी. गणितात कच्चा होता, पण कुठलं कबुतर कोणत्या जोडीचं हे तीन पिढ्यांपर्यंत सांगायचा. आता पन्नाशीला आलाय. गोदीवर क्रेन चालवतो आणि उरलेला सगळा जीव परसातल्या कबुतरांच्या खुराड्यात ठेवतो. शर्यतीची कबुतरं. त्याची एक निळी मादी सलग दोन वर्षं लांबच्या शर्यतीतून सगळ्यांच्या आधी घरी परतली होती. फेब्रुवारीत एका सकाळी ती खुराड्याच्या पायरीवर मेलेली सापडली, मानेशी फाटलेली. जाळीत भगवे केस अडकले होते.

त्या दिवशी तो आरडाओरडा न करता आला. ओरडला असता तर बरं झालं असतं. रोडा माझ्या फाटकाशी पिंजरा धूत होती. डेन्व्हर काँक्रीटच्या फळ्यांच्या भिंतीवर कोपरं टेकून उभा राहिला.

"आंटी रोडा, कान कापलेल्यांशी माझं भांडण नाही," तो म्हणाला. "ती नुसती झोपतात. पण पिल्लं पाजणारी भाटी जाळी फाडते. ती कबरी पुन्हा बोक्यांना बोलवायला लागलीय. काल माझ्या पत्र्यावर तमाशा चालला होता."

"पकडते मी तिला."

"हे मी दोन वर्षं ऐकतोय. ईदनंतर माझी या वर्षीची कोवळी पाखरं पहिल्यांदा बाहेर पडणार. तोवर पकडा. नाही जमलं तर मी काळे दाणे टाकीन."

काळे दाणे म्हणजे काय ते आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. स्टेशनजवळ उंदरांसाठी म्हणून चोरून विकतात. चिमूटभर पुरतं. ते खाल्लेलं मांजर कसं मरतं हे रोडाने पाहिलेलं होतं, आणि दाणे कबरीसाठी टाकले तरी ते कबरी एकटीच खाणार नव्हती. भिंतीवर झोपलेली सगळीच खाणार होती.

"डेन्व्हर, रस्त्यावर लहान पोरं आहेत," मी म्हणालो.

"माझ्याच परसात टाकीन, सर. माझ्या भिंतीच्या आत." मग त्याचा आवाज खाली आला. "मला आवडतं म्हणून नाही सांगत. ती मादी माझ्या हातावर दाणे खायची."

 पिंजरा उलटा करून रोडाने पाणी झटकलं, आणि कंबरेवर हात ठेवून सरळ व्हायला तिला बराच वेळ लागला.

रमजान सुरू झाला. रोडा रविवारी घरोघर जाऊन सांगून आली की सोमवारी रात्रीपर्यंत मांजरांना काही घालू नका. सगळ्यांनी माना डोलावल्या. सोमवारी कबरी आली, फेरी मारली, पाठ करून बसली. पुढच्या सोमवारी तेच.

"कोणीतरी घालतंय," रोडा मला म्हणाली. "उपाशी मांजर असं बसत नाही. तिचं पोट बघा, टम्म आहे. आणि ते पोट पिल्लांचं नाही, मी ओळखते. अजून तरी नाही."

तिने पुन्हा चौकशी केली. कोपऱ्यावरचा दुकानदार शपथेवर नाही म्हणाला. डेन्व्हरने नुसतं तिच्याकडे पाहिलं. शेवटी ती रुगाया डॉलीच्या दाराशी गेली. आंटी रुगाया आमच्या रस्त्यावरची सर्वांत वडीलधारी बाई. मशिदीतल्या बायकांना कुराण वाचायला शिकवते, आणि तिच्यासमोर माणसं नकळत शर्टाची बटणं लावतात.

"आंटी रुगाया, कबरीला कोणी खायला घालतं का, तुमच्या पाहण्यात?"

"पोरी, मी दिवसभर उपाशी," आंटी रुगाया म्हणाली. "मी कोणाला काय घालणार?"

रोडाने माफी मागितली आणि निघून आली. दिवसभराचं ते उत्तर होतं. संध्याकाळचं तिने विचारलंच नव्हतं.

रमजानात आमच्याकडे सूर्य मावळायच्या आधी ताटल्या फिरतात. ज्याच्या घरी जे तळलं असेल ते, समोसे, भोपळ्याचे वडे, खजूर, वर कागदी रुमाल टाकून पोरं धावत शेजारी पोचवतात. मुसलमान घरं एकमेकांना देतात आणि आम्हा ख्रिश्चनांनाही देतात. ताटली रिकामी परत करायची नसते, आणि बांग व्हायच्या वेळेला कोणाच्या दारी जायचं नसतं. त्या क्षणी माणूस आणि त्याचा पहिला घास यांच्या मध्ये उभं राहू नये, एवढं आमच्या रस्त्यावर लहान मूलही जाणतं.

त्या गुरुवारी रोडा दवाखान्यातून परतत होती. दुसऱ्या वस्तीतलं एक प्रकरण होतं, पिंजरा जड होता, बस मिळाली नव्हती. आंटी रुगायाची ताटली तिच्या पिशवीत होती आणि वाटेत घेतलेली संत्री त्यात भरलेली. घरी जाऊन पुन्हा बाहेर पडायचं त्राण नव्हतं. वेळ चुकीची आहे हे कळत असूनही ती मागच्या फाटकाने आत शिरली. ताटली पायरीवर ठेवून गुपचूप निघून जावं, असा तिचा विचार होता.

बांग सुरू झाली होती. आंटी रुगाया स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर बसली होती. डाव्या हातात खजूर होता, अजून तोंडात गेला नव्हता. उजव्या हाताने ती एक बशी पुढे सरकवत होती. बशीत काटे काढलेला स्नूक मासा. आणि तिच्या पायाशी, तिच्या सपातेला शेपूट लावून, कबरी बसली होती. पाळलेल्या मांजरासारखी.

रोडाला पाहताच कबरी भिंतीवरून नाहीशी झाली. बशीतला मासा तसाच राहिला.

"आंटी रुगाया..." रोडा म्हणाली. तिने पिंजरा खाली ठेवला आणि स्वतःही त्याच्या बाजूला, फरशीवर, बसली. नंतर ती मला म्हणाली की मला राग यायला हवा होता सर, पण रागाला उभं राहावं लागतं.

आंटी रुगायाने खजूर तोंडात टाकला, पाणी प्यायली, मग बोलली. "आता तू मला खोटारडी म्हणशील."

"नाही म्हणत."

"म्हण. मला माहीत आहे मी काय केलं ते. दुपारभर मी तिला हुसकते. हूं की चूं करत नाही ती. पण बांगेला येऊन बसते गं. माझ्या समोर. मी दिवसभर पोटात काही घेतलेलं नाही, आणि सोमवारी तर तुझ्यामुळे तिनेही नाही. आणि मी एकटीने खायचं? तिच्या देखत? तो रोजा कसला सुटला मग?"

"आंटी, तुम्ही एक दिवस नाही घातलं तर ती पिंजऱ्यात जाईल. एकच दिवस."

"माझ्याच्याने होणार नाही."

"डेन्व्हर दाणे टाकणार आहे."

"डेन्व्हर!" आंटी रुगाया हसली. "त्याच्या बारशाचा केक मी केला होता. तो कशाला टाकतोय."

"टाकेल. मी त्याच्या तोंडून ऐकलंय. तुम्ही पाहिलंय का ते खाल्लेलं जनावर? मी पाहिलंय. मागे तळ्याकडच्या वस्तीत. तोंडाला फेस, पाय असे ताठ. उचलता उचलता माझ्या हातात गेलं." रोडा थांबली. "मला ते पुन्हा उचलायचं नाही, आंटी. माझ्यात आता नाही उरलं."

 आंटी रुगाया उठून आत गेली. दाराशी वळून म्हणाली, "संत्री छान आहेत. ये, सूप पिऊन जा. तोंड बघ कसं झालंय तुझं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डेन्व्हरकडे जाणारी ताटली पोरांऐवजी आंटी रुगाया स्वतः घेऊन गेली. मी फाटकात उभा होतो, म्हणून ऐकलं.

"डेन्व्हर, माझ्याकडे बघ. तू खरंच विष टाकशील?"

डेन्व्हरने ताटली दोन्ही हातांनी धरली होती. "रोज्यात तुमच्याशी खोटं बोलू का, आंटी रुगाया? टाकीन."

"तिने माझ्या पायाशी बसून खाल्लंय रे."

"आणि माझ्या निळीने माझ्या हातावर."

 भिंतीवर एक कान कापलेला बोका जांभई देत होता.

"समोसे गरम आहेत तोवर खा," आंटी रुगाया म्हणाली आणि परत निघाली. वाटेत माझ्यापाशी थांबली. "सर, रोडाला सांगा, मला भेटून जा म्हणावं."

आंटी रुगायाच्या अटी दोन होत्या. रोडाने त्या मला गाडीत बसून सांगितल्या, आणि सांगताना तिला हसावं की रडावं ते कळत नव्हतं.

"पहिली अट, कबरी आधी जेवणार. पोटभर. उपाशी जनावराला अन्न दाखवून धरलेलं तिला चालणार नाही. मी म्हटलं, आंटी, भरल्या पोटाचं मांजर पिंजऱ्यात जात नाही. तर म्हणाली, मग तुझा पिंजरा बदल."

"मग?"

"मग काय, बदलायचा. एक दुसरी तऱ्हा असते. जाळीची चौकट, एका बाजूने काठीवर उचलून धरलेली. काठीला लांब दोरी. मांजर खाली येऊन जेवतं, माणूस लांब बसून दोरी ओढतो, चौकट खाली पडते. मी आजवर केलं नाही, कारण दोरी धरून तासन्‌तास बसायला माझी पाठ राहिली नाही."

"आणि दुसरी अट?"

"दोरी ती ओढणार. मी नाही. म्हणाली, तू ओढलीस तर मी जन्मभर तुला दोष देईन, आणि तू चांगली पोरगी आहेस."

चौकट डेन्व्हरने बनवली. रोडा त्याच्याकडे जाळीचा तुकडा मागायला गेली होती. तो म्हणाला, सोडा आंटी, तुम्ही शिवणवाल्या, लाकूड तुमचं काम नाही. खुराड्याच्या उरलेल्या जाळीची त्याने दोन संध्याकाळी खपून चौकट केली, कोपरे घासून गुळगुळीत केले. एका बाजूला सरकतं दार ठेवलं, त्यातून मांजर पुढे पिंजऱ्यात ढकलता येईल असं. कडांना खाली रबराची पट्टीही ठोकली.

"पट्टी कशाला रे?" मी विचारलं.

"पडताना शेपूट चेपायला नको," तो म्हणाला, आणि मी पुढे काही विचारायच्या आत हातोडी घेऊन आत गेला.

रमजानच्या मध्यावर आमच्याकडे बूबर करतात. शेवया, साबुदाणा आणि वेलची घालून आटवलेलं दूध. अर्धे रोजे पार पडले म्हणून. त्या वर्षी तो दिवस सोमवारी आला. सकाळपासून रस्त्याला वेलचीचा वास होता, आणि महिनाभर वाहणारा आग्नेयेचा वारा त्या दिवशी नेमका पडला होता.

आम्ही लवकर जमलो. चौकट पायरीपासून चार पावलांवर, तिची काठी, काठीची दोरी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. रोडा दाराच्या आत खुर्चीवर बसली, मांडीवर पडद्याची चादर. मी तिच्या मागे. भिंतीपलीकडे, स्वतःच्या परसात, डेन्व्हर होता, त्याच्या टोपीचा शेंडा दिसत होता. आंटी रुगाया पायरीवर तिच्या नेहमीच्या जागी बसली. दोरीचं टोक तिने मनगटाभोवती गुंडाळलं होतं.

"गुंडाळू नका, नुसती धरा," रोडा आतून म्हणाली. "झटका बसेल."

"मला नको शिकवू," आंटी रुगाया म्हणाली, आणि दोरी सोडवून नुसती धरली.

बांग सुरू झाली. कबरी भिंतीवर दिसली. चौकटीकडे पाहून थबकली. आंटी रुगायाने बशी चौकटीखाली आधीच ठेवलेली होती, मासा आणि शेजारी वाटीत थोडं गार बूबर. कबरीने आंटीकडे पाहिलं.  आंटीच्या डाव्या हातात खजूर, उजव्यात दोरी. मग कबरी भिंतीवरून उतरली आणि सरळ चौकटीखाली गेली. आमच्या एकाही पिंजऱ्याला तिने इतका विश्वास कधी दाखवला नव्हता.

ती खाऊ लागली.

"आता, आंटी," रोडा पुटपुटली.

आंटी रुगाया हलली नाही.

"आंटी, आता. तिचं तोंड खाली आहे."

"जेवू दे."

मासा संपला. कबरी वाटीकडे वळली. दूध चाटण्याचा बारीक आवाज आम्हाला दारापर्यंत ऐकू येत होता. बांग संपली. रस्त्यावर घराघरांतून भांड्यांचा आवाज सुरू झाला, लोक जेवायला बसले होते. रोडाने खुर्चीची कड घट्ट धरली होती. दोन वर्षं ती या क्षणासाठी थांबली होती, आणि आता तो वाटीतल्या दुधासारखा थेंबाथेंबाने संपत होता. भिंतीपलीकडची टोपी हलत नव्हती.

कबरीने वाटी चाटून पुसली. मान वर केली, जिभेने मिशा साफ केल्या आणि आंटी रुगायाकडे पाहिलं. रोज जेवण झालं की बघायची तशी.

"माफ कर गं," आंटी रुगाया म्हणाली आणि दोरी ओढली.

चौकट पडली. त्यापुढचे काही क्षण कोणाला नीट सांगता येत नाहीत. जाळीच्या आत एक काळा-भगवा भोवरा फिरत होता आणि त्याचा आवाज माणसाच्या लेकराच्या रडण्यासारखा होता. रोडा गुडघ्यांची पर्वा न करता धावली, चादर टाकली, तिच्या चारी कडा दाबून वर आडवी झाली. डेन्व्हर भिंतीवरून उडी मारून आला. त्याने सरकतं दार उघडलं, पिंजरा लावला, आणि दोघांनी चादरीखालून तिला पुढे नेलं. पिंजऱ्याचं दार खटकन पडलं. आवाज थांबला.

रोडा फरशीवरच बसून राहिली. तिला शिंका येऊ लागल्या, एकामागून एक, थांबेचनात.

आंटी रुगाया अजून पायरीवर होती. तिच्या डाव्या हातात खजूर तसाच होता. त्या दिवशीचा रोजा तिने सर्वांत शेवटी सोडला, पिंजरा माझ्या गाडीत चढल्यावर.

मंगळवारी दवाखान्यात काही विशेष घडलं नाही. बाई डॉक्टर म्हणाल्या, पोटात पिल्लं नाहीत, वेळेत आणलीत. डावा कान कापला गेला. रोडा बाकावर भिंतीला डोकं टेकून झोपली आणि नाव पुकारलं तेव्हा मला तिला हलवून उठवावं लागलं. बुधवारी आम्ही कबरीला आंटी रुगायाच्या परसात आणलं. आंटी शाल घेऊन बाहेर आली. रोडाने दार वर उचललं. कबरी पायरीकडे न बघता, बशीकडे न बघता, एका झेपेत भिंतीपलीकडे गेली.

"येईल," रोडा म्हणाली. "थोडे दिवस घाबरतात."

ती आली नाही. उरलेला सगळा रमजान आंटी रुगाया बांगेला बशी ठेवत राहिली. लठ्ठ बोके येऊन खाऊन जात. खजूर हातात धरून ती भिंतीकडे बघायची, मग खायची. रोडा एकदोनदा जाऊन तिच्याशेजारी बसली. 

"तुझं बरोबर होतं," आंटी रुगाया एकदा म्हणाली. "मला कळतंय ते. पण माझी दोरी होती ना."

ईद झाली. डेन्व्हरची कोवळी पाखरं आकाशात चढली. त्याने कुठेही काही टाकलं नाही. पिंजरे रोडाच्या परसात एकावर एक रचलेले होते, आणि तळ्याकडच्या वस्तीतून दोन फोन येऊन गेले होते. "पुढच्या सोमवारी," ती प्रत्येकाला म्हणाली. "या सोमवारी मी झोपणार आहे."

ईदनंतरचे सहा रोजे आंटी रुगाया दरवर्षी धरते. त्यातल्या एका संध्याकाळी तिने मला आणि रोडाला रोजा सुटल्यावर चहाला बोलावलं होतं. आम्ही मागच्या पायरीवर बसलो होतो. पलीकडून डेन्व्हरचा आवाज आला, अगदी हळू, तो कबुतरांशी बोलतो तसा. आंटी रुगाया उठली आणि भिंतीवरून डोकावली. आम्हीही गेलो.

डेन्व्हर खुराड्याकडे पाठ करून उकिडवा बसला होता. त्याच्या समोर पत्र्याच्या डब्याचं झाकण, त्यात खिमा. आणि त्याच्या बुटापासून हातभर अंतरावर कबरी, कापलेल्या कानाची, खात होती. बराच वेळ खात असावी, कारण तिचं अंग सैल होतं.

रोडाने तोंडावर हात घेतला. डेन्व्हरने वर पाहिलं आणि त्याचा चेहरा लाल झाला.

"पोट भरलेलं राहिलं तर खुराड्याकडे जाणार नाही," तो घाईघाईने म्हणाला. "म्हणून. दुसरं काही नाही, आंटी."

"किती दिवस?" रोडाने विचारलं.

"तुम्ही सोडलीत त्याच दिवसापासून. इकडेच आली सरळ. मी काय करू, पत्र्याखाली लपली होती, थरथरत होती."

जिने तिला अर्धा रमजान जेवू घातलं त्या दाराला कबरी पाठ करून गेली होती, आणि ज्याने तिच्यासाठी विष आणायचं ठरवलं होतं त्याच्या पायाशी बसली होती. मला वाटलं आता आंटी रुगाया काहीतरी बोलेल, निदान डेन्व्हरला दोन शब्द सुनावेल. रोडालाही तेच वाटलं असावं, कारण तिने हळूच आंटीचा दंड धरला.

आंटी रुगाया भिंतीच्या फळीवर हनुवटी टेकून बघत होती. कबरीने तिला पाहिलं, क्षणभर खाणं थांबवलं आणि पुन्हा झाकणात तोंड घातलं.

"तिखट घातलंयस का खिम्यात?" आंटी रुगायाने विचारलं.

"नाही, आंटी."

"घालू नकोस. आणि हाड निघालं तर काढून टाक, ती घाईने गिळते."

"बरं, आंटी."

"चला आत," रोडा म्हणाली. "तुमचा चहा गार होतोय, आंटी."

"होऊ दे," आंटी रुगाया म्हणाली आणि भिंतीशी उभी राहिली, कबरीचं खाऊन होईपर्यंत.